कोठार भरलेलें, ताट रिकामें

दुष्काळ म्हटला म्हणजे आटलेल्या विहिरी, करपलेलीं शेतें व ओस पडलेलीं गांवें डोळ्यांपुढें उभीं राहतात. पाऊस गेला, पीक बुडालें, म्हणून माणसें उपाशी राहिलीं, अशी सरळ संगति आपण लावतों. परंतु ती नेहमींच खरी नसते.

१९४३ सालीं बंगालमध्यें अन्नावांचून मेलेल्या माणसांचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत व त्याहूनही वर जातात. अमर्त्य सेन यांनीं १९८१ च्या आपल्या ग्रंथांत असा निष्कर्ष काढला कीं, त्या वर्षीं प्रांतांत १९४१ पेक्षां अधिकच धान्य होतें. मग माणसें कां मेलीं? युद्धाच्या धामधुमींत तांदळाचे भाव भडकले. शेतमजूर व कोळी यांची मिळकत मात्र त्यामानानें वाढली नाहीं. धान्य बाजारांत होतें. तें घेण्याचें सामर्थ्य त्यांच्या हातीं उरलें नव्हतें.

आतां याच्या उलट उदाहरण महाराष्ट्राचें. १९७२-७३ सालीं येथें पीक खरोखरच बुडालें. तथापि बंगालसारखा संहार झाला नाहीं. सरकारनें रस्ते, पाझर तलाव व बांधबंदिस्ती यांचीं कामें काढलीं, आणि १९७३ च्या उन्हाळ्यांत जवळजवळ पन्नास लाख माणसें त्यांवर राबलीं. खडी फोडणाऱ्या बायांच्या हातीं मजुरी पडली, म्हणून घरची चूल पेटली. पुढें वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून निघालेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें. काम मागणें ही याचना न राहतां हक्क झाला, हें तिचें खरें महत्त्व होय.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांस माणशीं दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला, आणि २०२३ पासून तें धान्य मोफत मिळूं लागलें. तरी केवळ गहूंतांदळानें पोट भरतें, अंग भरत नाहीं. डाळ, दूध, भाजी यांस पैसाच लागतो. जगांत २०२४ सालीं सुमारें ६७ कोटी माणसें उपाशी होतीं, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

अन्नदान आपल्याकडे श्रेष्ठ मानितात, तें योग्यच आहे. परंतु सणावारीं वाढलेल्या पंगतीनें एका दिवसाची भूक भागते. आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी बाई परगांवाहून आली असेल, तर तिच्या शिधापत्रिकेवर येथील दुकानांतही धान्य मिळूं शकतें, हें तिला ठाऊक आहे काय? नसल्यास सांगावें, आणि दुकानदारानें टोलवाटोलवी केल्यास घरांतील एखाद्या सुशिक्षितानें तिच्याबरोबर जावें. यांत पदरचा पैसा जात नाहीं. एका कुटुंबाचें ताट मात्र दरमहा भरतें.