विश्लेषण : ‘फर्स्ट कॉपी’ घड्याळ घेणे सोपे, सांभाळणे अवघड… स्वस्त नकलेची खरी किंमत किती?

दहा लाख रुपयांच्या घरातले रोलेक्स ‘सबमरीनर’ आणि त्याची चाळीस-पन्नास हजारांची नक्कल शेजारी ठेवली, तर हातभर अंतरावरून फरक सांगणे जाणकारालाही जड जाते. एके काळी ‘डुप्लिकेट’ घड्याळ म्हणजे वर्षभरात उडणारा मुलामा आणि सेलवर टकटक चालणारा सेकंदकाटा, अशी ओळख होती. आता नकलेच्या पोटातही चावीवर आणि मनगटाच्या हालचालीवर चालणारे यांत्रिक मशीन असते. नक्कल आहे हे ठाऊक असूनही अशी घड्याळे हौसेने घेणारा, उघडणारा, दुरुस्त करणारा वर्ग जगभर तयार झाला आहे. मात्र या हौसेचा खर्च खरेदीपाशी संपत नाही. तो खरा तिथून सुरू होतो.

‘फर्स्ट कॉपी’ आणि ‘सुपर क्लोन’ म्हणजे काय?

‘फर्स्ट कॉपी’ हा आपल्याकडच्या बाजारातला शब्द. त्याला कोणतेही प्रमाण नाही. दोन हजारांचे घड्याळही विक्रेता ‘फर्स्ट कॉपी’ म्हणूनच दाखवतो आणि वीस हजारांचेही. मुंबईत हाजी अलीजवळची हिरा पन्ना बाजारपेठ अशा मालासाठी अनेक वर्षे चर्चेत आहे. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०२१ च्या ‘बदनाम बाजारपेठां’च्या यादीत तिचा समावेश केला होता. त्यात बनावट घड्याळांचाही उल्लेख होता.

‘सुपर क्लोन’ ही त्यापुढची पायरी. यात केसचा आकार, काचेभोवतीचे सिरॅमिकचे कडे, नीलमणी काच, डायलवरची अक्षरे यांच्यासह आतल्या मशीनची रचनाही अस्सलसारखी करण्याचा प्रयत्न असतो. हा माल प्रामुख्याने चीनमध्ये, विशेषतः ग्वांगझू परिसरात तयार होतो. बनवणारे कारखाने टोपणनावांनी ओळखले जातात. छापा पडला की नाव नाहीसे होते आणि काही महिन्यांनी दुसऱ्या नावाने माल येऊ लागतो. त्यामुळे आज घेतलेल्या घड्याळाचा सुटा भाग दोन वर्षांनी मिळेलच, याची हमी द्यायला कोणी शिल्लक असतेच असे नाही.

नकलेच्या आत काय असते?

यांत्रिक घड्याळाचा दर्जा त्याच्या ठोक्यांवरून ढोबळमानाने कळतो. सबमरीनरचे मशीन तासाला २८,८०० ठोके देते, म्हणजे सेकंदकाटा दर सेकंदाला आठ बारीक पावले टाकतो आणि डोळ्यांना तो सरकत असल्यासारखा दिसतो. स्वस्त नकलेतल्या मशीनचे ठोके साधारणपणे २१,६०० असतात. पूर्वी काटा पाहून नक्कल ओळखता येई. महागड्या नकलांतही आता २८,८०० ठोक्यांचे मशीन आल्याने ती खूण कामाची उरलेली नाही.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. मशीनची रचना उचलणे प्रत्येक वेळी बेकायदा नसते. पेटंटची मुदत साधारण २० वर्षांची असते. स्वित्झर्लंडच्या ‘ईटीए २८२४’ या जुन्या मशीनच्या धर्तीवर चीनमधील ‘सी-गल’ कंपनी ‘एसटी २१३०’ हे मशीन स्वतःच्या नावाने उघडपणे विकते. गुन्हा घडतो तो त्यावर दुसऱ्याचे नाव आणि चिन्ह छापल्यावर.

वरून सारखी दिसणारी मशीन आतून सारखी नसतात. रोलेक्सच्या या मशीनमधली केसासारखी बारीक स्प्रिंग नायोबियम आणि झिर्कोनियमच्या मिश्रधातूची असते. तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही. दिवसाला दोन सेकंदांहून जास्त मागे-पुढे न होण्याचे कंपनीचे प्रमाण आहे. नकलेत अशी स्प्रिंग असण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. मोबाइल, स्पीकर किंवा बॅगेच्या चुंबकी बटणाजवळ राहिलेले घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे पळू लागते, ते अनेकदा यामुळेच.

खरेदी कशी होते आणि हौशी काय तपासतात?

जाणकार हौशी बाजारातल्या दुकानापेक्षा मध्यस्थाकडून माल मागवतात. पैसे आधी द्यावे लागतात. घड्याळ पाठवण्यापूर्वी मध्यस्थ त्याची छायाचित्रे, चित्रफीत आणि मशीनच्या तपासणीचे आकडे पाठवतो. डायलवरच्या खुणा सरळ रेषेत आहेत का, तारखेचा आकडा खिडकीच्या मधोमध येतो का, काटे नेमके बारावर जुळतात का, हे त्यावर पाहिले जाते.

आकड्यांत तीन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, घड्याळ दिवसाला किती सेकंद मागे-पुढे होते. दुसरी, बॅलन्स व्हीलचा झोका किती अंशांचा आहे. निरोगी, पूर्ण चावी दिलेल्या मशीनमध्ये तो साधारण २७० ते ३१० अंश असतो. घड्याळ आडवे ठेवूनही तो २२० च्या खाली असेल, तर तेल सुकले आहे किंवा आत कचरा आहे असे समजावे. तिसरी, ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्यातले अंतर सारखे आहे का. हे मोजणारे यंत्र घड्याळजींकडे असते. मोबाइलच्या माइकवर चालणारी अॅपही अंदाजापुरती उपयोगी पडतात.

मात्र ही तपासणी झाली तरी व्यवहाराला बिल नाही, वॉरंटी नाही आणि तक्रार कुठे करायची याचा पत्ता नाही. पार्सल अडकले, घड्याळ बंद पडलेले आले किंवा पैसे घेऊन मध्यस्थ गायब झाला, तर ग्राहक मंचाकडे नेण्यासारखा कागदच हाती नसतो.

देखभालीत अडते कुठे?

यांत्रिक घड्याळ हे शंभरावर सुट्या भागांचे यंत्र आहे. त्यातले तेल काही वर्षांनी सुकते. मग मशीन पूर्ण उघडून, धुऊन, नव्याने तेल घालून जोडावे लागते. अस्सल आधुनिक घड्याळाला हे काम अनेक वर्षांनी लागते. नकलेत कारखान्यातच तेल कमी, जास्त किंवा भलत्या जागी घातलेले असू शकते. त्यामुळे नवे कोरे घड्याळही आधी घड्याळजीकडे न्यावे, असे अनुभवी हौशी सांगतात.

कंपनीची अधिकृत सेवा केंद्रे नकलेला हात लावत नाहीत. गल्लीतल्या घड्याळजीचीही अडचण होते. त्याच्याकडे या मशीनचा तक्ता नसतो, सुटे भाग नसतात. त्याची मजुरी मात्र मशीन स्वस्त आहे म्हणून कमी होत नाही, कारण उघडण्या-धुण्याचे श्रम तेवढेच असतात. म्हणून अनेकदा दुरुस्ती न करता अख्खे मशीनच बदलले जाते. तशाच बनावटीचे मशीन उपलब्ध असेल तोवर हे चालते. नाही मिळाले, की घड्याळ कपाटात पडून राहते.

सर्वात नाजूक असतात ती तीन छोट्या तबकड्यांची, स्टॉपवॉच असलेली घड्याळे. रोलेक्स ‘डेटोना’मध्ये सतत चालणारा सेकंदकाटा सहाच्या बाजूला असतो. नकलेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘७७५०’ पद्धतीच्या मशीनमध्ये तो मुळात नऊच्या बाजूला. त्याची जागा बदलण्यासाठी जास्तीची चाके घालावी लागतात, घर्षण वाढते आणि नेमका तोच भाग बिघडतो. स्वस्त नकलांत तर स्टॉपवॉच नसतेच. छोट्या तबकड्या वार, तारीख किंवा २४ तास दाखवतात.

काही पथ्ये मात्र बहुतेक यांत्रिक घड्याळांना लागू आहेत. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नये, कारण त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात. आट्यांची चावी बसवताना जोर लावू नये. नकलेतल्या आटे पाडलेल्या नळ्या मऊ असल्या तर लवकर झिजतात आणि मग चावी घट्ट बसत नाही.

३०० मीटर लिहिले म्हणजे पाण्यात चालते का?

अस्सल सबमरीनर ३०० मीटरच्या दाबासाठी बनवलेले असते आणि तपासूनच बाहेर पडते. नकलेच्या डायलवर तोच आकडा छापलेला असतो. तो डिझाइनचा भाग म्हणून आलेला असतो, चाचणीचा निकाल म्हणून नव्हे. मागचे झाकण, काच आणि चावी यांच्याशी असलेल्या रबराच्या कड्या नीट बसल्या नसतील, तर नळाखाली हात धुतानाही पाणी आत जाऊ शकते. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात काचेच्या आतून धुके दिसले, तर घड्याळ उन्हात ठेवून काम भागत नाही. बाष्प आतच राहते आणि पोलादी भागांवर गंज धरतो. दाबाची चाचणी करून घेतली नसेल, तर नक्कल पाण्यापासून लांब ठेवणे हाच उपाय.

कायदा काय सांगतो?

ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०३ आणि १०४ नुसार खोटे चिन्ह लावणे, तसा माल विकणे किंवा विक्रीसाठी बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. या कलमांचा रोख बनवणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. स्वतःच्या मनगटावर बांधणाऱ्यावर नाही. मात्र नको झालेली नक्कल कोणाला विकली की हौशीही विक्रेत्याच्या रांगेत येतो. ती अस्सल म्हणून विकली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हाही लागू होऊ शकतो.

परदेशातून येणाऱ्या पार्सलवर मालाचे वर्णन किंवा किंमत खोटी लिहिलेली असेल, तर सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १११ नुसार माल जप्त होऊ शकतो. प्रवासातही सावध राहावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये १ जुलै २००८ पासून वैयक्तिक वापरासाठी आणलेली बनावट वस्तूही सीमेवर जप्त करता येते. इटलीत बनावट माल घेणाऱ्या ग्राहकालाही दंड होतो.

नुकसान नेमके कोणाचे?

‘कंपनी अब्जावधींची, तिचे काय बिघडते,’ हा हौशींचा नेहमीचा युक्तिवाद. जागतिक आकडा मात्र लहान नाही. ‘ओईसीडी’ आणि युरोपीय संघाच्या बौद्धिक संपदा कार्यालयाच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील बनावट मालाचा व्यापार ४६४ अब्ज डॉलरचा, म्हणजे एकूण व्यापाराच्या अडीच टक्के होता.

त्याहून जवळचे नुकसान होते ते तिसऱ्या माणसाचे. पहिल्या खरेदीदाराला नक्कल असल्याचे माहीत असते. त्याच्याकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाताना ती माहिती वाटेत गळते. बक्षीस, हुंडी-उधारीची परतफेड किंवा वारसा म्हणून मिळालेले घड्याळ गरजेच्या वेळी विकायला काढल्यावर ते खोटे असल्याचे कळते. तज्ज्ञही फसतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये जीनिव्हातील लिलावात १९५७ चे ओमेगा ‘स्पीडमास्टर’ ३० लाखांहून अधिक स्विस फ्रँकला विकले गेले. कंपनीच्याच संग्रहालयासाठी घेतलेले ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून बनवल्याचे २०२३ मध्ये उघड झाले.

म्हणूनच वापरलेले महाग घड्याळ घेताना बिल, अनुक्रमांक जुळणारे वॉरंटी कार्ड आणि मशीन उघडून दाखवण्याची विक्रेत्याची तयारी, या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. २२ एप्रिल २०२५ पासून दहा लाखांहून महाग घड्याळाच्या विक्रीवर विक्रेत्याला एक टक्का टीसीएस गोळा करावा लागतो. त्यामुळे दुकानातून अलीकडे घेतलेल्या अशा घड्याळाची नोंद कागदावर असायला हवी.

मग हौस कशी भागवायची?

ज्यांना मशीन उघडण्यात रस आहे, त्यांच्यासाठी कायदेशीर वाट उपलब्ध आहे. सेइको समूहाचे ‘एनएच ३५’ हे स्वयंचलित मशीन सुटे मिळते. त्यावर आवडीची केस, डायल आणि काटे बसवून स्वतःचे घड्याळ जोडणारे हौशी भारतातही आहेत. मशीन खराब झाले तर तेच मशीन पुन्हा मिळते. प्रसिद्ध घड्याळाची ठेवण घेऊन स्वतःचेच नाव लावणारी, ‘ओमाज’ म्हणून ओळखली जाणारी घड्याळेही स्वस्त असतात आणि त्यांना बिल असते.

जुन्याची आवड असेल, तर १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बेंगळूरुत बनू लागलेली एचएमटीची चावीची घड्याळे आहेत. हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, पण ती दुरुस्त करणारे हात अजून गावोगावी सापडतात. अर्थात तिथेही जुन्या मशीनवर नवे भडक डायल रंगवलेली, संग्राहकांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखली जाणारी घड्याळे मूळ स्थितीतली म्हणून खपवली जातात.

अस्सल स्विस घड्याळांचे दरही काहीसे उतरू शकतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या भारत-एफ्टा करारानुसार त्यांच्यावरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने हटणार आहे. तोवर कोणतेही यांत्रिक घड्याळ घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे पुरेसे ठरते : पाच वर्षांनी हे बंद पडले, तर कोण उघडणार आणि सुटा भाग कुठून येणार? नकलेच्या विक्रेत्याकडे या प्रश्नाचे उत्तर नसते.