चाकणची पोलो: डिझेल घ्यावी की पेट्रोल?

भोसरी-मोशी परिसरात जुनी छोटी गाडी घ्यायची म्हटले, की पहिला प्रश्न अ‍ॅव्हरेजचा निघतो आणि सल्लाही तयारच असतो: डिझेल घ्या. दहा-बारा वर्षांपूर्वी हा सल्ला रास्त होता. आज इथल्या नोकरदार कुटुंबाने तो मानला, तर गाडी परवडण्याऐवजी अंगावर येण्याची शक्यता जास्त आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते पडताळायला फोक्सवॅगनची पोलो हे चांगले उदाहरण आहे. चाकणच्या कारखान्याचे उद्घाटन मार्च २००९ मध्ये झाले, त्याच वर्षाच्या अखेरीस तिथून पोलो बाहेर पडू लागली आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सुरुवातीच्या पोलोत १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन पेट्रोलमध्येही होते आणि डिझेलमध्येही. ताकद दोन्हींची सारखीच, ७५ अश्वशक्ती. सांगाडा एक, आसने एक, एमएच-१४ पासिंगही बहुधा एकच. त्यामुळे दोन्हींत जो फरक पडतो, तो मुख्यतः इंजिनाचा असतो.

कागदावर डिझेल सरळ पुढे आहे. कंपनीचा दावा डिझेलसाठी लिटरला बावीस किलोमीटरचा होता, पेट्रोलसाठी सतराचा. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या गर्दीत हे आकडे कुणालाच मिळत नाहीत, म्हणून डिझेलला सतरा आणि पेट्रोलला तेरा धरू. पुण्यात २०२५ मध्ये पेट्रोल साधारण १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपयांच्या आसपास राहिले. म्हणजे पेट्रोल गाडीचा किलोमीटर आठ रुपयांना पडतो, डिझेलचा ५.३५ रुपयांना. आता हाच हिशेब २०१२ सालचा मांडून पाहा. त्या वर्षी मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांवर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांना मिळत होते. तेव्हा डिझेल गाडी पेट्रोलच्या निम्म्याहून कमी खर्चात पळत होती. २०२५ च्या दरांनी तोच खर्च पेट्रोलच्या दोन तृतीयांश होतो. जानेवारी २०१३ पासून डिझेलचे दर दरमहा थोडे थोडे वाढवत नेले गेले, ऑक्टोबर २०१४ मध्ये ते नियंत्रणमुक्त झाले आणि स्वस्त डिझेलचा काळ संपला. लोकांच्या तोंडचा सल्ला मात्र जुन्याच दरांवर उभा राहिला.

तरीही किलोमीटरमागे २.६५ रुपये वाचतातच की, असे कुणी म्हणेल. वाचतात. पण ते किती किलोमीटरवर वाचतात, हे पाहायला हवे. चाकण-तळेगाव पट्ट्यात कंपनीच्या बसने ये-जा करणाऱ्यांची गाडी आठवडाभर सोसायटीत उभी असते. ती निघते ती भाजी आणायला, मुलांना क्लासला सोडायला, कधी आळंदीला आणि सणासुदीला गावी. अशी गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर चालली, तर डिझेलमुळे वाचतात १५,९०० रुपये, म्हणजे महिन्याला तेराशेच्या आसपास. त्यापुढे डिझेलचे महागडे भाग ठेवून पाहा: तीन इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, टर्बो, जास्त टॉर्क सोसणारा क्लच. यांपैकी एकाचेच काम निघाले, तरी वर्षभराची बचत त्यात जाऊ शकते. पेट्रोलच्या त्या साध्या इंजिनात टर्बोही नाही आणि इतक्या दाबाची इंधनव्यवस्थाही नाही. डिझेलमध्ये टायमिंग बेल्ट आहे. तो बदलल्याची पावती मालकाकडे नसेल, तर तो खर्च नव्या मालकाने गाडीच्या किमतीतच धरावा, कारण बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात.

खरी अडचण याहून खोल आहे, आणि जुन्या गाडीच्या बाजारात तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. नवी डिझेल गाडी घेताना महाराष्ट्रात वाहनकरही जास्त भरावा लागे: दहा लाखांखालच्या गाडीला २०१७ पासून पेट्रोलसाठी ११ टक्के आणि डिझेलसाठी १३ टक्के. मूळ किंमतही चढी होती. हा जादा पैसा मुख्यतः ज्याचे रोजचे धावणे मोठे, त्यानेच मोजला. म्हणून बाजारात आलेली डिझेल पोलो एक तर लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली असते, किंवा तिचे मीटर मागे फिरवलेले असते. खरोखरच कमी चाललेली सापडलीच, तर ती बहुधा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारत जगलेली असते. डिझेल इंजिन तापायला वेळ घेते आणि थंड, मंद चालीत काजळी जास्त धरते. ती धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये आणि हवेच्या मार्गात साचत जाते. म्हणजे जास्त चाललेली डिझेल झिजलेली आणि कमी चाललेली काजळलेली. मधली, महामार्गावर नीट चालवलेली आणि सगळ्या पावत्या असलेली गाडी मिळते, पण ती शोधावी लागते.

डिझेलचे इंजिन लाखो किलोमीटर टिकते, हा दुसरा आक्षेप खराच आहे. जास्त दाब सोसायचा असल्याने ब्लॉक, क्रँक, पिस्टन दणकट असतात. पण ग्राहकाला खर्चात घालतात ते त्या ब्लॉकच्या भोवतीचे भाग. घाटातल्या ओढीचा मुद्दाही मान्य आहे. डिझेलचा १८० न्यूटन मीटर टॉर्क मिनिटाला दोन हजार फेऱ्यांना मिळतो, पेट्रोलच्या ११० न्यूटन मीटरसाठी पावणेचार हजारांपर्यंत जावे लागते. माळशेज चढताना हा फरक पायाखाली जाणवतो. मात्र दोन हजारांच्या खाली टर्बो जागा होत नाही आणि चाकण चौकातल्या कोंडीत गाडी नेमकी तिथेच असते, हाफ क्लचवर.

पेट्रोलवरचा सर्वांत वजनदार आक्षेप त्यात मिसळल्या जाणाऱ्या वीस टक्के इथेनॉलचा आहे. जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा चारचाकींचे अ‍ॅव्हरेज सहा ते सात टक्क्यांनी घटेल, असे म्हटले आहे. तेराचे बारा झाले, तर किलोमीटरमागे साधारण सत्तर पैसे वाढतात, सहा हजार किलोमीटरला चार हजार रुपये. रबरी नळ्या आणि सील लवकर तपासावे लागतील, हेही खरे. हा खर्च मी पेट्रोलच्या खात्यात मांडतोच, पण तो थोडा थोडा आणि आधी दिसणारा आहे. शिवाय पेट्रोल गाडीला मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करून घेण्याची वाट मोकळी असते. डिझेलवाल्याला ती सोय व्यवहारात नाही.

धुराचा प्रश्न मी बाजूला ठेवणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला. भोसरीच्या हवेत एमआयडीसीची आणि ट्रकांची भर आधीच आहे. मुलाला क्लासला सोडायच्या फेरीसाठी तिथे आणखी एक जुने डिझेल आणणे मला पटत नाही.

ज्याला रोज भोसरीहून रांजणगावला जाऊन यायचे आहे, किंवा कामासाठी जिल्हाभर हिंडायचे आहे, त्याने मात्र डिझेलच घ्यावी. वर्षाला अठरा हजार किलोमीटरला ४७,७०० रुपये वाचत असतील, तर दुरुस्तीची धास्ती धरायचे कारण नाही. त्याने गाडी पूर्ण थंड असताना पाहायला जावे. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू झाल्यावर तेलाचे झाकण सैल करून बघावे. जोराने फुसफुसत धूर येत असेल, तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात तो प्रकार आहे, तिथून परत फिरावे. दिल्ली पासिंगची डिझेल स्वस्त दिसते, कारण तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदीचा आदेश २०१५ मध्ये निघाला होता. पण एनओसी आणि इथला कर धरला, की ती स्वस्ताई बरीच उतरते. डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन समूहाने ईए १८९ मालिकेच्या डिझेल इंजिनांच्या ३,२३,७०० गाड्या भारतात सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या. पोलोचे १.२ आणि १.५ ही दोन्ही इंजिने त्या मालिकेतलीच. ते काम झाले की नाही, हे चासी नंबरवरून सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे आणि उत्तर मिळाल्यावरच विसार द्यावा.