बेडूक आणि सरडा : ओळख व निगा

मृगाच्या सरी कोसळल्या, की ओढ्याकाठी बेडकांचा आवाज घुमू लागतो आणि कुंपणावर सरडे दिसू लागतात. मुले त्यांना पकडून बाटलीत कोंडतात. मुलांचे कुतूहल स्तुत्य असले, तरी माहितीच्या अभावी ते या मुक्या जिवांच्या प्राणावर बेतते.

ओळख कशी पटवावी?

बेडूक हा उभयचर प्राणी होय. पाल, सरडा, सापसुरळी व घोरपड हे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या वर्गात मोडतात. बेडकाच्या त्वचेवर खवले नसतात, बोटांना नख्या नसतात आणि वाढ पूर्ण झाल्यावर शेपटीही राहत नाही. सरड्याच्या अंगावर कोरडे खवले, बोटांना नख्या व मागे लांब शेपटी असते. भेकाची त्वचा खडबडीत असल्याने कित्येकांची फसगत होते. अशा वेळी नख्या व शेपटी पाहावी. बेडूक बहुधा पाण्यात मऊ, बुळबुळीत अंडी घालतो. त्यांतून कल्ल्यांनी श्वास घेणारे बेडूकमासे निघतात. सरड्याची अंडी कवचयुक्त असून पिल्ले जन्मतःच आईबापांसारखी दिसतात.

पाल व सापसुरळी विषारी असल्याचा समज निराधार आहे. पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, ते विषामुळे नव्हे, तर रोगजंतूंमुळे.

कायदा काय सांगतो?

बेडूक व सरडे किडी खाऊन शेतकऱ्याला साहाय्य करतात. एकेकाळी बेडकांचे पाय परदेशी पाठविले जात. 1987 मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये घोरपड पहिल्या अनुसूचीत असून तिला पकडणे, पाळणे वा तिचे तेल विकणे हा गुन्हा आहे. रानातील कोणताही बेडूक वा सरडा घरी आणू नये, हेच श्रेयस्कर. हिरव्या इग्वानासारखे अनुसूचित विदेशी प्राणी बाळगणाऱ्यांनी 2022 ची दुरुस्ती व 2024 चे नियम यांनुसार नोंदणी करणे बंधनकारक आहे.

निगा व दक्षता

बेडूक त्वचेवाटे पाणी शोषतो. त्यामुळे साबण, कीटकनाशक वा क्लोरीनयुक्त पाणी त्याला घातक ठरते. त्याला विनाकारण हाताळू नये. इग्वाना हा शाकाहारी असून सुमारे दीड मीटर लांब वाढतो. त्याला ऐसपैस जागा, ऊब व अतिनील प्रकाश लागतो. हे जमणार नसेल, तर तो घेऊच नये.

या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. म्हणून हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत, त्यांची भांडी स्वयंपाकघरात आणू नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना त्यांच्यापासून दूर ठेवावे. कंटाळा आला म्हणून विदेशी प्राणी ओढ्यात वा रानात सोडणे तर सर्वथा गैर होय. त्यामुळे स्थानिक जीवसृष्टीत रोग पसरण्याचा धोका असतो.

बेडकाचे खरे घर म्हणजे गावचे तळे आणि सरड्याचे शेताचे कुंपण. मुलांना तेथे नेऊन हे जीव दाखवावेत. बाटलीतील बेडकापेक्षा तळ्याकाठचा बेडूक त्यांना पुष्कळ अधिक शिकवील.