रात्रीचा ठणका आणि चेन्नईतला दातांचा डॉक्टर

चेन्नईत नव्याने राहायला आलेल्यांनी एक शब्द पाठ करून ठेवावा: 'पल्'. तमिळमध्ये पल् म्हणजे दात. पाटीवर 'पल् मरुत्तुवर' दिसला, की तो दातांचा डॉक्टर. कायद्यानुसार त्याची नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला मुळीच संकोचू नका. खासगी खर्च झेपत नसेल, तर फोर्ट स्टेशनजवळ सरकारी दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

दाढ रात्री आडवं झाल्यावरच का ठणकते? दाताच्या पोटात नसा आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की तो सुजतो. पण भोवती टणक भिंती, सूज पसरणार कुठे? आडवं झालं की डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि प्रत्येक ठोका दाढेत जाणवतो.

रूट कॅनालमध्ये हा गर केसासारख्या बारीक कानशींनी खरवडून काढतात, पोकळी धुतात आणि गटापर्चा नावाचा झाडाच्या चिकापासूनचा पदार्थ भरतात. वर बहुधा टोपी बसवतात, कारण पोखरलेली दाढ चावताना तडकते. माझ्या मते, वाचवता येणारी दाढ उपटायची घाई करू नये. आणि गोळीने ठणका थांबला, तरी कीड थांबलेली नसते.