अजगर पाळायचाय? घरात लहान मूल असेल तर आधी हे वाचा

पुणेकर सर्पप्रेमींनो, आधी कायदा बघू. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. घरी ठेवला तर थेट गुन्हा. बॉल पायथन, बोआ असे परदेशी साप पाळायचे तर २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे.

आता घरातली शिस्त:

🔒 पेटीला कुलूप हवंच. साप रात्रभर नाकाने काचेची कड ढोसत राहतो. काच थोडी सरकली की डोकं बाहेर, मागोमाग सगळं अंग. २०१३ मध्ये कॅनडात एक आफ्रिकन रॉक पायथन छताजवळच्या हवेच्या पाइपमधून निसटला आणि झोपेतल्या दोन मुलांचा जीव गेला.

🐁 खाणं लांब चिमट्यानेच द्या. हाताला उंदराचा वास असेल तर साप हातावरच झडप घालतो. त्या वेळी मुलं दुसऱ्या खोलीत हवीत.

💪 दोन-अडीच मीटरचा साप एकट्याने हाताळू नका. सोबत आणखी एक मोठं माणूस हवं.

🧼 स्वच्छ दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हात लावू देऊ नका. सापाचं पाण्याचं भांडं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका.

मुलांना अजगर दाखवायचाय? नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये उभं राहिलेलं कात्रजचं सर्पोद्यान आहेच. फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं. आणि सोसायटीत साप निघालाच तर काठी न उचलता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.