न झालेल्या आजाराचा हिशेब

आजार बरा करणाऱ्या डॉक्टरांचे नाव गावभर होते. आजार होऊच न देणाऱ्याचे नाव कोणी घेत नाही. कारण उघड आहे. जे घडलेच नाही त्याची पावती फाटत नाही. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या न फाटलेल्या पावत्यांचे कुतूहल वाटू लागले, त्यातून हा लेख.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. नारूच्या बाबतीत तर विहीरच रोगाचे घर होती. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे. त्या पाण्यातील बारीक किड्यांबरोबर नारूच्या अळ्या पोटात जायच्या. आणि सुमारे वर्षाने दोन-तीन फुटांचा जंत पायातून बाहेर पडू लागायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा, हाच उपाय. तोवर माणूस खाटेवर. त्याच पायाने तो पुन्हा विहिरीत उतरला की चक्र नव्याने सुरू! या रोगावर ना लस होती ना औषध, आजही नाही. देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम १९८३-८४ साली सुरू झाला, तेव्हा बाधित राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. साधने कोणती? पाणी गाळायचे फडके, पायऱ्या बंद करून बांधलेला कठडा, हातपंप आणि पाण्यातील किडे मारणारे थोडे औषध. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. आमच्या पिढीला हा शब्दसुद्धा आजीकडूनच कळतो.

देवीचेही तसेच. रोगी दाखवणाऱ्यास हजार रुपये बक्षीस, असे भिंतींवर रंगवलेले आमच्या प्राध्यापकांना नक्की आठवत असेल. १९६७ पासून जगभर चाललेल्या त्या मोहिमेला सुमारे तीस कोटी डॉलर लागले. वाचणारी रक्कम दरवर्षी शंभर कोटी डॉलरहून अधिक धरली जाते.

मात्र म्हणून प्रतिबंध म्हणजे स्वस्ताई, असे समीकरण मांडणे भाबडेपणाचे ठरेल. लुईझ रसेल या अमेरिकन अर्थतज्ज्ञ बाईंनी १९८६ साली एका पुस्तकात नेमका हाच प्रश्न विचारला. एक आजार टाळण्यासाठी हजारो निरोगी माणसे तपासावी लागली, तर प्रतिबंध उपचारापेक्षा महाग पडू शकतो, असे त्यांनी दाखवले. हल्ली शहरांतून ‘संपूर्ण तपासणी’ची जी पॅकेजे विकली जातात, ती पाहिली की बाईंचे म्हणणे पटते. तेव्हा प्रश्न असा की, कोणता प्रतिबंध, कोणासाठी आणि किती वेळा?

आपल्या भागात याचे उत्तर सातपुड्यात सापडते. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. पण रावेर, यावल, चोपड्यापासून शिरपूरवरून धडगाव-अक्कलकुव्यापर्यंतचा डोंगर एकच आहे आणि तेथील भिल्ल, पावरा समाजांत आढळणारा सिकलसेलचा आजारही एकच. रक्तातील तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त घटते, साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक राहतो. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. उलट लहानपणी जीवघेण्या हिवतापापासून त्याचे बरेच रक्षण होते. जंगलपट्टीत हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो यामुळेच.

आता हिशेब पाहा. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल तर मुलांना हा आजार होत नाही. समजा, एखाद्या समाजात शंभरात वीस वाहक आहेत आणि लग्ने चाचणीवाचून जुळतात. मग पंचवीस जोडप्यांत एक जोडपे वाहक-वाहक निघेल आणि जन्मणाऱ्या शंभर मुलांत एक रुग्ण असेल. त्या मुलाला जन्मभर गोळ्या, वेळोवेळी रक्त, दवाखान्याच्या चकरा. शिवाय त्याला पाड्यावरून तालुक्याला नेणाऱ्या बापाची बुडालेली मजुरी, जी दवाखान्याच्या बिलात कधीच दिसत नाही. दुसऱ्या बाजूला काय? बोटावरील रक्ताचा थेंब आणि काही मिनिटांची चाचणी. दोष दिसला तर मोठ्या प्रयोगशाळेत खात्री. रक्तदाब, साखर पुन्हा पुन्हा तपासावी लागते. ही तपासणी जन्मात एकदाच, कारण जन्मतः मिळालेला गुण बदलत नाही. रसेलबाईंच्या कसोटीला ती सहज उतरावी.

मूल रुग्ण जन्मले तरी प्रतिबंध संपत नाही. अशा लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिल्यास न्यूमोनियाच्या जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेतील एका चाचणीत १९८६ साली दिसून आले. औषध जुनेच, आणि स्वस्त.

मग अडते कुठे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पायथ्याच्या एका गावी आम्ही घरोघर फिरलो. “माले काय व्हयनं?” हा धडधाकट माणसाचा प्रश्न अपेक्षित होता. खरी अडचण एका माउलीने सांगितली. मुलाचे कार्ड तिने लगेच दाखवले. मुलीचे पेटीच्या तळाशी होते. “सोयरीक मोडेल,” एवढेच ती म्हणाली. चाचणीचा हा खर्च रुपयांत मांडता येत नाही, आणि तो बहुतेक मुलीच भरतात. वस्तुतः वाहक मुलीमुळे आजारी मूल होण्याची भीती तेव्हाच, जेव्हा नवराही वाहक असतो. त्याला कोणी विचारत नाही. दोघे वाहक असूनही लग्न ठरले, तरी गर्भारपणाच्या सुरुवातीला गर्भाची तपासणी करता येते.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार हटवायचा, असे तिचे उद्दिष्ट आहे. आमच्याकडे होळीनंतर लग्नांचे वारे वाहू लागतात आणि आखाजीपर्यंत कितीतरी सोयरिकी पक्क्या होतात. तेव्हा समजूत घालायला ती वेळ फार उशिराची. माझी सूचना अशी की, महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर पावसाळ्यातच, ज्याची इच्छा असेल त्याची ही चाचणी व्हावी. निकाल फलकावर न लावता बंद पाकिटात ज्याचा त्याला द्यावा, त्याचा अर्थ समजावून सांगणारे माणूस शेजारी बसलेले असावे आणि मुलांची रांग मुलींइतकीच लांब असावी.