सागरतीरीं तारादर्शन



मे महिन्याच्या सुटींत मुंबई-पुण्याचीं अनेक कुटुंबें कोंकणांत उतरतात. दुपारीं आंबे-फणस, सायंकाळीं समुद्रस्नान आणि रात्रीं निद्रा, असा क्रम ठरलेला असतो. त्यांतील रात्रीचा एक तास आकाशास द्यावा, एवढीच माझी विनंति आहे. दुर्बिणीची आवश्यकता नाहीं. एक चटई व लाल कागद लावलेली विजेरी पुरे. काळोखास डोळे सरावण्यास सुमारें अर्धा तास लागतो. तेवढा वेळ मोबाइलचा पडदा मात्र झांकलेला असावा.

मेच्या मध्यास रात्रीं साडेनऊला गुहागरच्या वाळूवर उत्तरेकडे तोंड करून बसलें, म्हणजे सप्तर्षि उंच दिसतात. त्यांतील पुलह व क्रतु यांना जोडणारी रेषा पुढें वाढविली कीं ध्रुव सांपडतो. हात लांब करून धरलेली मूठ सुमारें १० अंश रुंद भरते. ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींहून किंचित् खालीं आहे. कारण गुहागर सुमारें १७.५ उत्तर अक्षांशावर आहे, आणि जितके अक्षांश तितकी ध्रुवाची उंची. मुलें भूगोलांत पाठ करतात तो आंकडा येथें मुठीनें मोजतां येतो.

सप्तर्षींतील शेवटच्या तीन ताऱ्यांचा बांक पुढें नेला, कीं नारिंगी स्वाती व मग शुभ्र चित्रा भेटते. चित्रेच्या पश्चिमेस हस्ताचा पंजा, आणि त्याच्या बरोबर खालीं, दक्षिण क्षितिजालगत, त्रिशंकूचे चार तारे. त्यांतला तळाचा ठळक तारा येथें जेमतेम मूठभर वर चढतो. दिल्लीस तो उगवतच नाहीं.

आतां सावधगिरीची गोष्ट. एकदां मीं गडद काळोख मिळावा म्हणून मुद्दाम अमावास्या निवडली. नातवंडांसह खडकापलीकडच्या वाळूवर पहुडलों. दहाच्या पुढें धाकट्या नातीच्या पायांस पाणी लागलें; मागें पाहतों तों परतीची वाट बुडालेली! मुलांना खांद्यावर घेऊन कमरभर पाण्यांतून आलों. चूक सर्वस्वीं माझी होती. अमावास्येस चंद्र-सूर्यांचें आकर्षण एका रेषेंत येऊन उधाण येतें, आणि पूर्ण भरती मध्यरात्रीच्या सुमारास असते, हें मी वर्गांत वर्षानुवर्षें शिकवीत आलों होतों.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली कीं भरतीची स्थूल वेळ निघते. त्यापुढें सुमारें सहा तासांनीं ओहोटी. वद्य षष्ठी घ्या. सहाची पाऊणपट साडेचार. दुपारीं साडेचारला भरती, म्हणजे रात्रीं साडेनऊला पाणी ओसरत असतें, आणि चंद्रोदयास अकरा तरी वाजतात. काळोखही मिळतो आणि वाळूही. तरीही गांवच्या कोळ्यांस विचारल्यावांचून बसूं नये. पाण्याची वेळ गांवोगांवीं थोडी बदलते. मुलें सुखरूप घरीं आलीं, तरच पुढच्या मे महिन्यांत तीं आपण होऊन त्रिशंकू पाहावयास चला म्हणतील.